आईने वरून पाहिलेलं शेत

दोन हजार सालच्या आसपास विरारला एक उंच इमारत उभी राहिली. तिच्याइतकं उंच तेव्हा आमच्या भागात दुसरं काही नव्हतं. बिल्डरने गच्चीला कठडा घालून, बाकडी टाकून एक मोठी दुर्बीण बसवली होती आणि रविवारी गच्ची सगळ्यांना खुली असे. वर नेऊन समुद्र आणि अर्नाळ्याचा किल्ला दाखवला की लोक फ्लॅट घेतात, असं त्याचं गणित होतं.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. कुठे फिरायला नेऊ, असं आईला विचारलं तर म्हणाली, "त्या बिल्डिंगीवर ने. लगीन होऊन आले तवापासून शेतात वाकतेय, पन आख्खं शेत एकदा बी पाह्यलं नाय."

"बांधावर उभी राहा, दिसेल," बाबा म्हणाले.

"वाकलेल्या मानसाला नुसता चिखल दिसतो."

आमचं शेत खाडीच्या कडेला. तिथले सगळे तुकडे सारखेच, वरून आपला ओळखायचा कसा? बाबांनीच युक्ती काढली. "मी सकाळी राब पेटवतो. धूर दिसेल तिथं आपलं शेत." भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून ती भाजतात, तो राब. समुद्राचा वारा सुटायच्या आत, सकाळीच तो भाजायचा. युक्ती तिघांनाही एकदम पसंत पडली.

लिफ्टमध्ये आईने डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरलं. गच्चीवर आल्यावर डोळे उघडले आणि म्हणाली, "अगं बाय!"

मी खाडीकडे पाहिलं आणि माझा चेहराच पडला. पाहावं तिथे धूर. सुट्टीचा दिवस, वारा पडलेला, अख्ख्या गावाने राब पेटवले होते. आम्ही तिघंही शेतातलीच माणसं, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

फ्लॅट बघायला आलेल्या एक बाई नवऱ्याला हाका मारू लागल्या, "अहो, आग लागलीय तिकडे! बंब बोलवा!"

"आग नाय वो ताई, राब हाय," आई म्हणाली. "पन त्यातला आमचा कुठला, तेच कळत नाय."

"म्हणजे तुमचं शेत हरवलं?"

"हरवलं नाय. धुरात लपून बसलंय."

बाईंना फार मजा वाटली. त्यांनी नवऱ्याला दुर्बिणीपासून बाजूला केलं. "समुद्र नंतर बघा, तो कुठे पळत नाही. आधी यांचं शेत शोधू."

आई आधी दोन्ही डोळे मिटून दुर्बिणीत बघत होती. मग जमलं. "ह्यो नाय… ह्यो पन नाय…" एवढ्यात वारा सुटू लागला. सगळे धूर एका अंगाला कलले, एकमेकांत मिसळायला लागले. आणखी थोड्या वेळाने काहीच दिसलं नसतं. आई दुर्बीण भराभर फिरवू लागली.

आणि एकदम ओरडली, "सापडलं! वाऱ्याच्या अंगानं पेटवलंय बघ!"

राब वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे तो सावकाश भाजत जातो. बाबा घाईचे. ते वाऱ्याकडूनच पेटवत आणि दरवर्षी आईचं बोलणं खात. मी दुर्बिणीत डोकावलो. बाकीचे राब संथ धुमसत होते. आमच्या शेतात मात्र जाळ पळत होता आणि बाबा ओल्या गोणपाटाने कुंपणाला झोडपत होते.

"अवो, कुंपन वाचवा!" आई कठड्यावरून ओरडली.

"वाचवा हो!" त्या बाईही ओरडल्या. गच्चीवर हशा पिकला.

जाळ विझला तसा तिथला धूर विरला. आईने दुर्बीण हळूहळू फिरवत एकेक बांध पाहून घेतला, मग नुसत्या डोळ्यांनी बघत हात पुढे धरला.

"तळहातात मावतंय की रं! यवढंसंच?"

"एवढंच."

"मग माझी कंबर कशानं मोडली?"

ती इतकी हसली की पदराने डोळे पुसावे लागले. त्या तळहाताएवढ्या तुकड्याने मला पदवीपर्यंत नेलं होतं. ते तिला सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर तिने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला होता. मागे रांग वाढत होती. बाई सगळ्यांना सांगत होत्या, "थांबा जरा, त्यांचं शेत बघून होऊ दे."