तापलेली पहार

धाकटा भाऊ आजही चारचौघांत सांगतो, दादाने वेडाच्या भरात रचलेली गंजी मोडली आणि घरची म्हैस घालवली. मी समोर बसलेला असलो तरी त्याचा आवाज खाली येत नाही. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

चाकणच्या पश्चिमेला आमचे थोडे भातशेत अजून उरले आहे. आसपासचे लोक मळणीनंतरचा पेंढा शेतातच पेटवून मोकळे होतात. आम्ही तो म्हशींसाठी राखतो. त्या वर्षी तो वाहून आणायला ट्रॅक्टर एकच संध्याकाळ मिळणार होता. पेंढा ओलसर आहे, असाच रचला तर आतल्या आत तापून पेट घेईल, त्याला आणखी ऊन खाऊ दे, असे मी बजावले. भावाने ऐकले नाही. त्याने गोठ्याला लागूनच गंजी रचली. तिच्यामागे कंपन्यांतल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या आमच्या पत्र्याच्या खोल्या होत्या.

काही दिवसांनी गंजीजवळ तंबाखूसारखा गोडसर वास आला. मी गोठ्यातली पहार आणून गंजीत खोल खुपसली आणि चहा होईपर्यंत तशीच ठेवली. बाहेर काढली तेव्हा तिचे टोक मुठीत धरवेना.

"उन्हात पडली आसंल पहार," भाऊ म्हणाला.

"गोठ्यात कुठलं ऊन? हात लावून बघ."

"तूच बस शेकत, दादा. थंडी हायच."

रात्रपाळी करून आलेले दोघे खोलीत झोपले होते. मी दार बडवले. त्यांतला लातूरकडचा डोळे चोळत बाहेर आला. "काका, आग कुठंय पण?"

"लागायच्या आधी नीघ म्हणतोय!"

तापलेली गंजी उघडली की वारा आत शिरतो आणि ती भडकू शकते. म्हणून पाण्याचा पाइप हाताशी घेऊन मी वरून एकेक थर उतरवत गेलो. मध्यावर पोचताच वाफ उसळली. आतला पेंढा करपल्यासारखा तपकिरी झाला होता. चुरगळताच त्याचा भुगा होई. भाऊ दूर उभा होता. वाफ त्यानेही पाहिली. आता तिला तो धुके म्हणतो.

उरलेला पेंढा खळ्यावर पसरला, आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस कोसळला. सगळे कुजले. विकतचा चारा परवडेना. भावाची लाडकी म्हैस बाजारात गेली. तिचे दावे त्यानेच सोडले. हे मी कधीही नाकारलेले नाही. गंजी तशीच ठेवली असती तर काहीच बिघडले नसते, हे मात्र मी मान्य करणार नाही. "लागली कुठं आग?" असे तो विचारतो. लागली असती, तर विचारायला तो गोठ्यासमोर उभा तरी राहिला असता का?

यंदा मी एक शब्दही बोललो नाही. भावाने पेंढा खडखडीत वाळवला आणि गंजी ओढ्यापलीकडे रचली. तेथून रोज भारे वाहून आणताना त्याची कंबर धरते.

काल पाहुण्यांपुढे त्याने पुन्हा तीच हकिकत काढली. मी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "मग यंदा गंजी येवढी लांब का रं नेलीस?"

"तिकडं जागा मोकळी हाय," तो म्हणाला, आणि पाहुण्यांसाठी पाणी आणायला स्वतः उठला.