कोर्टाच्या दगडावर नारळ

इंग्लंडमधल्या एका जुन्या कोर्टाच्या खुणेचा दगड मी नारळ आपटून फोडला. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तेव्हा वीस पावलांवर उभी होती.

हसा. पुढे हसण्यासारखं फारसं नाही, म्हणून आत्ताच उरकून घ्या.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. लेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात आम्ही राहायचो. दसऱ्याला नवी गाडी घेतली — नवी म्हणजे आम्हाला नवी, आत आधीच्या मालकाच्या कुत्र्याचा वास. सुजाताने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातून नारळ आणलेला होता. पण फोडायचा कुठे? कार पार्कमध्ये साधा डाग पडला तरी घरमालक पत्र पाठवायचा. कोपऱ्यात कुंपणापाशी गुडघ्याएवढा एक दगड दिसला, ओल्या पानांनी झाकलेला. देवानेच ठेवलाय, म्हटलं. पहिल्या दोन फटक्यांना नारळ बधला नाही. तिसरा मी — काय सांगू — सगळी पुणेरी इभ्रत पणाला लावून हाणला.

नारळ फुटला. दगडाचाही पावाच्या स्लाइसएवढा कोपरा निघाला. पानं बाजूला केली, तर खाली कोरलेलं होतं: काउंटीचं पहिलं कोर्ट या जागी उभं होतं.

"फुटला का?" सुजाताने गाडीजवळून विचारलं.

"फुटला," मी म्हटलं. खोटं बोललो का? तुकडा जागेवर टेकवला, वर पानं रचली. पुरावा लपवला — आणि तोही कोर्टाच्या दारात.

दगड आर्थरचा होता. आर्थर म्हणजे गावातला निवृत्त पोस्टमन. कोर्ट नेमकं कुठे होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. या माणसाने अकरा वर्षं जुने नकाशे आणि खरेदीखतं वाचली, पावसात दोरी धरून अंतरं मोजली, आणि शेवटी एका बुजलेल्या विहिरीवरून जागा पक्की केली. मी माझ्या कुठल्या कामाला अकरा आठवडे तरी असे दिलेत? दगडही त्याने हट्टाने त्याच खाणीतला आणला, जिथून कोर्टाच्या भिंती आल्या होत्या. गावचं इतिहास मंडळ ग्रॅनाइट म्हणत होतं.

तुटका कोपरा कोणाच्या तरी लक्षात आला आणि चार दिवसांनी लायब्ररीत मंडळाची मीटिंग झाली. आमच्या बिल्डिंगला बोलावणं होतं. मी गेलो — न जाणारा दोषी दिसतो ना? सुजाताने वड्यांचा डबा दिला होता. त्याच नारळाच्या वड्या. आर्थरने दोन खाल्ल्या, वर कृती विचारली.

मग कोणीतरी म्हणालं, मऊ दगड, पाणी मुरलं असणार, आम्ही सांगितलंच होतं. आणि आर्थर उठला.

"दगड मी निवडला होता. चूक माझी आहे. पुढचा तुम्ही निवडा."

एवढंच. चिडला नाही, कोणाकडे बोट दाखवलं नाही. न केलेली चूक माणूस इतक्या सरळ पाठीने अंगावर घेऊ शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अकरा वर्षांच्या कामावर त्याने बसवलेला दगड माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या हातून गेला. मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. मी तोंड उघडलं — आणि त्यात वडी घातली.

आर्थरला हे कधीच कळलं नाही. भीती कसली होती? दंडाची? व्हिसाची? नाही हो. लोक हसतील याची.

मार्चमध्ये ग्रॅनाइट बसवायचं ठरलं, तेव्हा मी मदतीला गेलो. प्रायश्चित्त, दुसरं काय. आर्थर माझ्या आधी येऊन खड्डा खणत होता — स्वतः न निवडलेल्या दगडासाठी. मी सिमेंटमध्ये पाणी जास्त ओतलं. मग दगड तिरका धरला. मग थापी खड्ड्यात पाडली.

आर्थरने वाकून ती काढली, पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू बाजूला उभा राहा," तो म्हणाला. "तेवढं तुला जमतं."