खटखटबाईंचे तीन सेकंद

कचेरीच्या फाटकासमोर, जिन्याखालच्या खोलीत खटखटबाईंचं टायपिंगचं दुकान. खोली म्हणजे काय, एक टेबल, दोन खुर्च्या आणि उभं राहिलं की टाळूला लागणारी पायरी. गिऱ्हाईक आत आलं की बाई आधी म्हणायच्या, "डोकं सांभाळा," आणि मग, "काम सांगा." नाव टाइपरायटरच्या काळात पडलेलं. टाइपरायटर गेला तरी नाव टिकलं, कारण तोंडाची खटखट थांबली नव्हती. कुणी अर्जात "साहेबांच्या चरणी नम्र विनंती" असं सांगायला लागलं की बाईंचे हात थांबायचे.

"चरणी कशाला? साहेब खुर्चीवर बसतो, तुम्हीही बसा. आणि विनंती नाही, मागणी लिहिते."

संगणक त्यांनी त्याच कचेरीच्या भंगारातून उचललेला. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून बिघडवत शिकल्या, आणि तेच पुन्हा बिघडू नये म्हणून वही ठेवली. मशीनमध्ये काहीही बदललं की तारीख टाकून एक ओळ. आता चौथी वही चालू होती. समोरचा दुरुस्तीवाला येता-जाता चिडवायचा, "ताई, कुंडली मांडलीत हो त्याची! मयताचा दाखलाही तुम्हीच टाइप करणार का?"

"तुझा आधी करीन," बाई म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला नणंद आली. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या रुळावर होती. दोन महिन्यांपूर्वी चादरीबरोबर हातही त्या तापलेल्या रुळाखाली गेला. रुळापुढे जाळी असायला हवी होती. नव्हती. अपघातानंतर चौथ्या दिवशी मुकादमाने जाळी बसवली, आणि चौकशीत छाती ठोकून सांगितलं, "जाळी पहिल्यापासून होती. हिनेच काढून हात घातला." समोरच्या कचेरीतल्या चौकशीच्या साहेबांनी आज तीन वाजता शेवटची सुनावणी ठेवली होती. पुरावा नसेल तर दोष नणंदेचा, भरपाई नाही, आणि नोकरीही गेली.

पुरावा होता. तो नणंदेच्या पिशवीतल्या जुनाट डिजिटल कॅमेऱ्यात होता. अपघाताच्या दोन दिवस आधी तिथली एक बाई निवृत्त झाली, तेव्हा सगळ्यांनी रुळासमोर उभं राहून फोटो काढला होता. कॅमेरा त्या बाईच्या घरचा. तिला काल आठवण झाली आणि तिने तो डबीसकट आणून दिला.

"वहिनी, दिसतंय, पण अंगठ्याच्या नखाएवढं," नणंद म्हणाली. "मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढून सकाळी साहेबांना दाखवला. मुकादम हसला. म्हणाला, हे लाँड्री आहे की ढग?"

"हसू दे. मोठा छापून त्याच्या नाकावर ठेवू. आण इकडे."

बाईंनी वायर जोडली. संगणक ढिम्म. ना आवाज, ना खूण. घरी आलेल्या परक्या पाहुण्याकडे पाठ फिरवून बसावं, तसा.

वायर काढून पुन्हा लावली. काही नाही. बाई आधी वायरवर घसरल्या, मग कॅमेऱ्यावर, मग तो बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांवर. पाच मिनिटांत राग निवला, तेव्हा पायरीखाली वाकून त्या कॅमेरा घेऊन समोरच्या दुकानात गेल्या.

दुरुस्तीवाल्याने आपल्या चकचकीत लॅपटॉपला तो जोडला. लॅपटॉपने निदान तोंड तरी उघडलं: हे यंत्र ओळखता येत नाही.

"ताई, याला कार्ड नाही, फोटो पोटातच. आणि ते काढायला याच्या जमान्याचा प्रोग्राम लागतो. नव्यात तो चालत नाही. कॅमेरा म्हातारा, तुमचा संगणक म्हातारा. दोघांना एकत्र वृद्धाश्रमात ठेवा."

"म्हणजे तुझ्या नव्याला जमत नाही ते माझ्या जुन्याला जमायला हवं. बरोबर?"

"जमायला हवं. पण जमतंय का?"

बाईंनी कॅमेरा उचलला आणि वळल्या.

परत येऊन त्यांनी नणंदेला खुर्चीवर बसवलं. "आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने झालं तेच कळत नाही."

कॅमेऱ्याच्या डबीतली सीडी घालून प्रोग्राम चढवला. संगणक बंद करून चालू केला. ढिम्म. मग प्रिंटरची वायर काढून त्याच भोकात कॅमेरा लावला. ढिम्म. तिथेच पुन्हा प्रिंटर लावला, तर कागद सुरळीत बाहेर.

"म्हणजे भोक चांगलं," बाई पुटपुटल्या. कॅमेऱ्यात नवे सेल घातले. दुरुस्तीवाल्याकडून तशीच दुसरी वायर मागून आणली. टोमणा फुकट मिळाला. तरीही ढिम्म.

साडेबारा झाले.

"वहिनी, राहू दे," नणंद म्हणाली. "नशिबात नसेल."

"नशीब? रुळाला जाळी नशिबाने नव्हती का? गप्प बस आणि ती वही दे."

"कुठली?"

"सगळ्या दे. वायर चांगली, भोक चांगलं, कॅमेरा चांगला. मग आतच कुणीतरी दार लावून घेतलंय. आणि या मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज जरा उतरला. शेवटापासून मागे पानं उलटत गेल्या. नवी शाई, टंक बदलला, पंखा पुसला, पंखा पुसला. नणंद डाव्या हाताने दुसरी वही चाळत होती. तिसऱ्या वहीत, तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर बाईंचं बोट थांबलं. स्वतःचंच अक्षर, ठसठशीत, खाली दोन रेघा:

"कॅमेरा-स्कॅनर ओळखणारी सर्व्हिस बंद केली. आपल्याला काय करायचाय कॅमेरा! मशीन तीन सेकंद लवकर सुरू होतं."

नणंदेने ते मोठ्याने वाचलं आणि डाव्या हाताने तोंड दाबलं. "वहिनी... काखेत कळसा!"

"हस. मोकळी हस." बाईंचे कान लाल झाले होते. दारात वायर परत न्यायला आलेला दुरुस्तीवाला उभा होता. त्याच्यासमोर कबूल करणं म्हणजे जिवावरचं. तरी त्या मान वळवून म्हणाल्या, "चूक माझी. ऐकलंस? पुन्हा सांगणार नाही."

सर्व्हिसची यादी उघडली, ती ओळ शोधली, बंदचं चालू केलं, आणि वायर लावली.

टुण्ण!

पडद्यावर एकेक फोटो उमटायला लागला. नणंद खुर्चीवरून उठली आणि डोकं पायरीवर आपटलं, पण तिला त्याचं भान नव्हतं. अकरावा फोटो. बाईंनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. रूळ उघडा, समोर जाळी नाही. रुळाच्या दांड्यावर हात टेकून हसणारा मुकादम. आणि त्याच्या डोक्यामागे रोजच्या चादरींचा आकडा लिहायची पाटी, तिच्यावर खडूने तारीख, अपघाताच्या दोन दिवस आधीची.

"पाटी कोण लिहितं?" बाईंनी विचारलं.

"तोच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

दुरुस्तीवाला वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, साध्या कागदावर नको. माझ्याकडे जाड चकचकीत आहे. आणतो."

तीन वाजता साहेबांच्या टेबलावर मोठा फोटो होता, शेजारी मूळ फाइलची सीडी. मुकादम म्हणाला, "हा फोटो कधीचा, कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगितलंय," खटखटबाई म्हणाल्या. "फोटोत तुमच्या डोक्यामागे बघा. अक्षर ओळखीचं वाटतंय का?"

साहेबांनी चौकशीसाठी मागवलेल्या लाँड्रीच्या हजेरीच्या वहीतली मुकादमाच्या हातची तारीख फोटोशेजारी धरली. वाकड्या शेपटीचा आकडा दोन्हीकडे तोच होता. मुकादम छताकडे बघायला लागला. साहेबांनी पेन उघडलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं: अपघाताच्या वेळी यंत्राला संरक्षक जाळी नव्हती, कामगाराचा दोष नाही, भरपाई द्यावी आणि कामावर परत घ्यावं.

"सही कुठे करू?" नणंद म्हणाली. "डाव्या हाताने चालेल ना?"

"चालेल," साहेब म्हणाले.

"वेळ लागेल हं मला," तिने मुकादमाकडे बघत सांगितलं. "थांबावं लागेल." आणि एकेक अक्षर कोरत, सगळ्यांना तिष्ठत ठेवून, तिने पूर्ण नाव लिहिलं.

दुकानात परत आल्यावर बाईंनी चौथी वही उघडली. तारीख टाकली.

"कॅमेऱ्याची सर्व्हिस चालू केली. मशीन तीन सेकंद उशिरा सुरू होईल."

जरा थांबून पुढे लिहिलं, "होऊ दे." आणि खाली दोन रेघा ओढल्या.