गाडीखाली शिरण्याआधी

काही वर्षांपूर्वी मी माझी गाडी बुटकी करून घेतली. जुनीच, दुसऱ्याकडून घेतलेली छोटी गाडी. मूळ स्प्रिंगा काढून आखूड बसवल्या, टायर रुंद घातले, आणि तिचं पोट जमिनीपासून चार बोटांवर आलं. तेव्हा माझी तिशी उलटली होती आणि मी तंजावूरच्या एका कॉलेजात शिकवत होतो. हे वय असल्या हौसेचं नव्हे, असं अम्मा अधूनमधून सुचवायची. अप्पा तर त्या गाडीत बसलेच नाहीत. गुडघे दुखतात, इतकं खाली बसवत नाही, एवढंच एकदा म्हणाले आणि कुठं जायचं झालं तर टाउन बस धरू लागले.

अप्पांनी सगळी नोकरी एका खाजगी बस कंपनीच्या वर्कशॉपात काढली होती. आधी मेकॅनिक होते, पुढं स्टोअरमध्ये गेले. मी समजत होतो की ती बढती असेल. कधी विचारलं नव्हतं.

गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. आमच्या नेहमीच्या गॅरेजात सिमेंटचा उतार चढून गाडी खड्ड्यावर न्यावी लागते. उताराच्या तोंडाशीच बंपर घासला. मालकानं हात वर केला. "सार, पुढं घेतली तर फुटेल. मग मला बोलू नका." दुसऱ्या गॅरेजात त्यांचा चाकांचा जॅक गाडीखाली शिरेना. शेवटी एका रविवारी सकाळी ऑइलचा डबा, फिल्टर आणि सतराचा पाना घेऊन मी घरापुढच्या मोकळ्या जागेत बसलो. व्हिडिओ दोन-तीनदा पाहिले होते. गाडीबरोबर आलेला छोटा जॅक कसाबसा कडेनं सरकवला, गाडी एका बाजूनं उचलली आणि पाठीवर निजून आत सरकू लागलो.

अप्पा तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पेपर वाचत बसले होते.

"बाहेर ये," ते म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम आहे, अप्पा."

"आधी बाहेर ये म्हणतो ना."

आवाज मोठा नव्हता, पण तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी बाहेर आलो. ते उठून उभे होते आणि त्यांनी खांब धरला होता.

"नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जातं का?" ते म्हणाले. मग मला हुकूम देऊ लागले. जॅक उतरव. मागच्या अंगणातून फणसाच्या लाकडाच्या त्या दोन जाड फळ्या आण. पुढची चाकं त्यांच्यावर चढव. मी चढवली, आणि गाडी एवढीशी उचलल्यावर खाली जॅक नीट शिरेल इतकी जागा झाली. पहिल्या प्रयत्नात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याकडून लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, घेऊन आले. गाडी उचलून तिचं ओझं घोड्यांवर ठेवायचं, मागच्या चाकांना विटा लावायच्या, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची. मग त्यांनी दोन्ही हातांनी गाडी जोरात हलवून पाहिली. पुन्हा एकदा हलवून पाहिली.

"आता जा."

मी आत गेलो. चेंबरच्या, म्हणजे ऑइलच्या टाकीच्या पोटावर ओरखडेच ओरखडे होते. तंजावूरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरनं आपली खूण ठेवली होती. नट सैल केला, आणि काळं, गरम ऑइल मनगटावरून घमेल्यात पडलं. तेव्हा लक्षात आलं, माझ्या घोट्यावर अप्पांचा हात आहे. मी बाहेर येईपर्यंत तो तिथंच होता.

ऑइल पुरतं गळायला वेळ लागतो. आम्ही ओट्यावर बसलो. समोर बघतच ते बोलले.

"दोन मिनिटांचं काम, असं मीसुद्धा म्हटलं होतं. वर्कशॉपात बस जॅकवर होती. माझा दोस्त घोड्या आणायला निघाला होता. मी म्हटलं, राहू दे, दोन मिनिटांचं तर काम. तो आत गेला आणि जॅक सरकला. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्यानंतर मला कुठल्याही गाडीखाली जाववेना. म्हणून स्टोअरमध्ये गेलो."

"ते आता कुठं असतात?"

"तिरुवैयारुला, इथून अर्ध्या तासावर. तिथंच असेल."

"तुम्ही भेटलात?"

त्यांनी मान हलवली. नाही.

नवा वॉशर घालून नट आवळला. फिल्टरच्या रबरी कडीला ऑइलचं बोट लावून तो हातानंच घट्ट बसवला. हेही त्यांनीच सांगितलं. ऑइल भरलं, इंजिन चालू करून खाली गळतंय का ते पाहिलं. गळत नव्हतं. फडक्याला हात पुसत असताना अप्पा म्हणाले, "नवं ऑइल घातल्यावर थोडं चालवून बघावं. तिरुवैयारुला जाऊन येऊ."

ते माझा खांदा धरून गाडीत उतरले. उतरले असंच म्हणायला हवं. वाटेतल्या प्रत्येक उंच स्पीडब्रेकरपाशी ते मला थांबवायचे, गुडघे धरत बाहेर यायचे, वाकून गाडीचं पोट बघायचे आणि हातानं पुढं बोलवायचे. ओझं कमी झाल्यानं गाडी न घासता जायची. मग पुन्हा आत. मागून येणारे लोक हॉर्न वाजवत होते. अप्पांना त्याचं काही नव्हतं.

कावेरीजवळच्या एका गल्लीत दोनदा विचारून घर सापडलं. दोस्त बाहेरच केळीची पानं बांधत होते, उरलेल्या दोन बोटांनी आणि डाव्या हातानं, सराईतपणे. अप्पांना पाहून त्यांनी दोरी खाली ठेवली. दोघं तमिळमध्ये बोलले. आधी गुडघे, मग मुलं. मग दोस्तांनी माझ्या गाडीकडं पाहिलं आणि ते हसले. "ह्या गाडीखाली उंदीर तरी जाईल का?"

अप्पा हसले नाहीत. "त्या दिवशी मी तुला अडवायला नको होतं," ते म्हणाले. "घोड्या लावायला हव्या होत्या."

दोस्तांनी दोरी उचलून गुंडाळायला घेतली. "घाई मलाही होती. तू म्हटलंस म्हणून मी आत गेलो, असं नाही. ते मी कधी मनावर घेतलं नाही." मग म्हणाले, "पण नंतर तू आला नाहीस. ते मात्र मनावर घेतलं."

अप्पा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. घरातून कॉफी आली, ती दोघांनी बराच वेळ निववत घेतली. निघताना दोस्तांनी पानांचा एक बिंडा गाडीत ठेवला.

त्यानंतर अप्पा पंधरा दिवसांनी एकदा एकटेच तिरुवैयारुला जाऊ लागले. परत आले की अम्मेला तिथल्या गोष्टी सांगत. मी ऑइल घरीच बदलतो, आणि त्यांना सांगितल्याशिवाय गाडीखाली जात नाही.

एकदा ते निघायच्या तयारीत असताना मी विचारलं, "इतकी वर्षं का नाही गेलात?"

"पहिल्या महिन्यात धीर झाला नाही," ते म्हणाले. "वर्षानं धीर आला, तर पहिल्या महिन्यात गेलो नाही याची लाज वाटायला लागली. मग दर वर्षी ती लाज थोडी थोडी वाढत गेली. त्याला भेटणं सोपंच होतं रे. ही लाज घेऊन जाणं अवघड होतं."

एवढं बोलून त्यांनी छत्री घेतली, अम्मेला दार लावून घ्यायला सांगितलं आणि निघाले.