तिच्या हातातला रुमाल

चित्रासमोर प्रत्यक्ष उभं राहिल्याशिवाय चित्र कळत नाही, असं कलेतले मोठे जाणकार सांगतात. कॉलेजात इतिहास शिकवताना मीही हे पुष्कळ वर्षं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. ज्या चित्रांचा मी अभ्यास करतो, त्यातलं एकही मी पाहिलेलं नाही. ती अमेरिकेत आहेत आणि मी परभणीत.

दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गावोगाव फिरणारे चित्रकार होते. दुकानदार, जहाजांचे कप्तान, त्यांच्या बायका यांना समोर बसवून ते चित्रं काढत आणि बरेचदा सही न करताच पुढच्या गावी जात. कुणाचं चित्र कुणी काढलं हे शोधणं हा माझा उद्योग. एकच खुर्ची चार घरांतल्या चित्रांत दिसली तरी मला नवल वाटत नाही. आमच्या वेळी परभणीच्या फोटो स्टुडिओत एकच काळा कोट होता. लग्नासाठी मुलीकडच्यांना पाठवलेल्या माझ्या फोटोत तोच आहे, आणि माझ्या साडूच्या फोटोतही तोच. सासूबाई अजून म्हणतात, "कोट शोभला तो थोरल्या जावयालाच."

हे थोरले जावई, म्हणजे माझे साडू, मानवतचे, कापसाचे व्यापारी. गेल्या वर्षी ते लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले. लेकीच्या घरापासून तासाभरावर एक म्युझियम आहे आणि त्यात माझी बाई आहे. निळ्या झग्यातली, हातात रुमाल धरलेली, बिनसहीची. रुमालाची किनार ब्रशाच्या टोकानं टिपके देऊन काढलेली असेल, तर तिचा चित्रकार कोण हे मला सांगता येणार होतं. त्यावर माझा लेख उभा होता. पण वेबसाइटवरच्या फोटोत नेमका तो कोपरा डांबरासारखा काळा.

साडूंना मी फोन केला. ज्या माणसानं आयुष्यात कॅलेंडरपलीकडे चित्र पाहिलं नाही, तो तिच्यासमोर उभा राहणार होता.

"फक्त खालचा उजवा कोपरा. जवळून."

"तुमी काळजीच करू नका, साडूभाऊ."

तीन फोटो आले. पहिल्यात साडू, कोटात, हाताची घडी घालून. दुसऱ्यात साडू आणि मेहुणी. तिसऱ्यात साडू आणि त्यांचे जावई. तिन्हींत उजव्या कोपऱ्यावर साडू. वरून ती बाई त्यांच्या टकलाकडे पाहत होती. माझ्याकडे तिनं कधी तसं पाहिलं नव्हतं.

"दाजी किती भारी दिसायलेत!" माझी बायको म्हणाली.

मी पुन्हा फोन लावला. "अहो, कोपरा कुठंय?"

"नुसत्या भिताडाचा फोटो कशाला काढायचा? त्यात मानूस पाहिजे का न्हाई?"

"पुन्हा जाता येईल का?"

"आता कुठं? तिथं काय आपली सोनपेठची यष्टी हाय व्हय, हात केला की थांबायला? आन एक सांगू का? बाई काय खास न्हाई हो. तुमी उगाच इतकी वर्षं घालवली."

मी फोन ठेवला. संपादकांना आणखी महिनाभर थांबायला सांगितलं.

साडू परतल्यावर आम्ही मानवतला गेलो. बैठकीत तोच पहिला फोटो, दरवाजाएवढा मोठा करून, सोनेरी चौकटीत. येणाऱ्या प्रत्येकाला साडू विमानातल्या जेवणापासून सगळं सांगत होते. मी चष्मा पुसून चौकटीजवळ गेलो. त्यांच्या हाताच्या कोपराजवळ काहीतरी पांढरं दिसत होतं. छोटंसं, चौकोनी, कडेला बारीक काळे टिपके असलेलं. मी नाक काचेला लावलं.

"ते व्हय?" मेहुणी चहाचा ट्रे घेऊन आली. "कोटाच्या किमतीचं लेबल हाय ते, भावजी. दुसऱ्या दिवशी कोट दुकानात वापस द्यायचा होता ना, म्हणून काढलं न्हाई."