डबा पाठीवरच होता

गेल्या रविवारी कोल्हारच्या पुढे एका वस्तीवर जाऊन आले. दुखवट्याला. हे लिहावं की नाही कळत नव्हतं... पण ज्यांच्या घरी गेले होते त्यांनीच लिहायला सांगितलंय, म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही काही जण दर रविवारी सकाळी तालुक्याच्या जलतरण तलावावर अपंग मुलांना पोहायला शिकवतो. क्लब म्हणायचं एवढंच... हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आम्ही, थोडी मुलं आणि त्यांना उचलून आणणारे आई-बाप. पाण्यात उतरले की माझा आवाज चढतो, म्हणून मुलं मला भोंगा म्हणतात. हे नाव राणीने पाडलेलं.

राणी (नाव बदललंय) कॉलेजात जाणारी पोरगी. जन्मापासून दोन्ही पाय आणि उजवा हात ताठ, जीभ मात्र तिखट. पाण्यात उताणी झाली की मस्त तरंगायची, आभाळाकडे बघत पडून राहायची... "भोंगा, आता पाच मिनिटं गप्प बसा," असं मलाच सांगायची.

पालथी झाली की मात्र तिला मान वर काढता येत नसे. पालथ्याचं उताणं कसं व्हायचं, एवढाच तिचा अभ्यास चालू होता. कधी जमायचं, बऱ्याचदा नाही.

तिचे वडील काठावर बसून वैतागायचे. भावकीतली सगळी पोरं यांनीच विहिरीत तयार केलेली... पाठीवर हवाबंद पत्र्याचा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. आमच्याकडे असंच शिकतात, मीही तशीच शिकले. "म्याडम, नुसतं लोळवताय पोरीला. हात कवा मारायला लावनार?" असं ते दर रविवारी विचारायचे.

घरी विहिरीत काही करू नका, असं आम्ही सगळ्याच पालकांना सांगतो. त्यांनाही सांगितलं होतं. ते हसले... अख्ख्या गावाला पोहायला शिकवणाऱ्याला मी पाण्याचं शहाणपण शिकवणार!

मग एका रविवारी बाप-लेक आले नाहीत. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला... राणी गेली. घरच्याच विहिरीत.

वस्तीवर गेले तेव्हा तिची आई आत पडून होती, उठली नाही. वडील ओट्यावर बसलेले, दाढी वाढलेली. मी टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, "म्याडम, डबा सुटला न्हाई. गळाला न्हाई. बाहेर काढली तवाबी पाठीवरच हुता... मंग पोर बुडाली कशी?"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. हट्ट राणीचाच होता, भोंग्याला पोहून दाखवायचं म्हणून. आधी ते तिच्याबरोबर पाण्यात होते. मग तिला एकटीला जमतंय का बघावं, म्हणून विहिरीच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

"हात हालत हुता तिचा. मला वाटलं पोहतीय. तिच्या आईला हाक मारली, ये, बघ म्हनून... टाळ्या वाजवल्या वो म्या."

शेजारी बसलेले एक पाहुणे म्हणाले, "जाऊ द्या. सुटली बिचारी." माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुटली म्हणे! कशातून सुटली? पुढच्या महिन्यात परीक्षा होती तिची.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ज्याला मान वर धरता येते, हातपाय मारता येतात, त्याला डबा सावरतो. राणीची त्याने फक्त पाठ वर धरली आणि तोंड पाण्यात राहिलं. वळायला गेली असेल तरी डबाच आडवा आला असेल.

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. झटका आला असेल म्हणावं, तेवढाच बापाच्या जिवाला आधार... कुणाचं काय बिघडणार होतं?

तेवढ्यात ते उठले, आतून डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. "हा घिऊन जा. नवाच हाय. तुमच्या क्लबातल्या पोरांस्नी व्हईल."

मग मात्र सांगावंच लागलं. जमेल तेवढ्या हळू आवाजात सगळं सांगितलं... पाठ वर, तोंड खाली. ते डब्याकडे बघत ऐकत होते. आतून तिच्या आईच्या रडण्याचा आवाज आला, म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

मग वडील म्हणाले, "लई घट्ट बांधला हुता मी. सुटू नये म्हनून."

मला वाटलं, आता हाकलून देतील. दिलं असतं तरी मी काही बोलले नसते. पण मी निघाले तेव्हा ते रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "हे मोबाईलवर टाका. माझं नाव घालून टाका. लोकांस्नी काय म्हनायचं ते म्हनू द्या... पर आजून कुनी आपल्या पोराला बांदायला नको."

म्हणून सांगते. ज्याला स्वतःहून उताणं होता येत नाही, त्याच्या पाठीवर डबा, कॅन, ट्यूब काहीही बांधू नका. त्याच्यापासून हातभर अंतरावर पाण्यातच राहा, तोंड दिसत राहू द्या. हात हलतोय म्हणजे पोहतोय, असं नसतं.

पोटची पोर गेल्यावर दुसऱ्याच्या पोरांची काळजी करायला काय काळीज लागत असेल, मला माहीत नाही. माझ्यात ते नसतं. दादा, तुमचं नाव तेवढं घातलं नाही... बाकी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलंय.