एक दात पुढे

सौंसरच्या मोटर स्टँडवर एक मिस्त्री बसायचा. बॉनेट उघडण्याआधी तो विचारायचा, "कुठं जाऊन राहिले?" मग इंजिनाला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. मी वकील. आमचं हायकोर्ट नागपूरला, रस्ता सपाट. माझी जुनी मोटर त्यानं पळण्यासाठीच लावून दिली होती.

मग राज्यं नव्यानं आखली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कोर्ट आता जबलपूरला, म्हणजे आधी छिंदवाड्याचा घाट. तसं मी मिस्त्रीला सांगितलं. मग त्यानं इंजिनाचे वाल्व उघडणाऱ्या कॅमची चेन सोडली आणि ते जरा आधी उघडावेत म्हणून कॅमचं दातेरी चाक एक दात पुढे घेतलं.

"आता घाट चढते गाडी, वकीलसाहेब. पण नागपूरच्या रोडनं पहिल्यासारखी पळत नाही."

"दोन्ही नाही जमत?"

"दोन्ही नाही भेटत, साहेब."

काम झालं की गाडी चालवून पाहायला तो नेहमी नागपूरच्या अंगाला, लोधीखेड्याकडे न्यायचा. त्या दिवशीही सवयीनं तिकडेच वळला. थोडा जाऊन थांबला. मग गाडी मागे घेतली आणि तिचं तोंड घाटाकडे केलं.